आरएनएचे आदिम प्रतिरूपण
जीवसृष्टीपूर्वी, विकरांच्या मदतीविना आरएनएची नक्कल होण्याची संभाव्य प्रक्रिया. जुन्या साखळीवर पूरक न्यूक्लिओटाइडे जुळून नवी साखळी बनते. खरी अडचण चुकांची असते. त्या साचल्या, तर रेणूतील माहितीच पुसली जाते. चुकीचा घटक जोडला गेला की पुढची वाढ मंदावते, त्यामुळे अचूक नकला आधी पूर्ण होतात, असे सुधा राजमणी, जॅक शोस्टाक आदींनी 2010 मध्ये दाखवले. पुण्याच्या आयसरमधील राजमणी यांच्या प्रयोगशाळेत आदिम डबक्यांसारखी ओली-सुकी चक्रे घडवून, मेदद्रव्यांच्या सान्निध्यात साखळ्या तयार केल्या जातात. या चक्रांतील आम्लधर्मी, उष्ण परिस्थितीत न्यूक्लिओटाइडांमधील क्षारके गळून पडतात, असे 2015 मध्ये आढळले. त्यामुळे आजच्या क्षारकांपूर्वी वेगळी, अधिक टिकाऊ क्षारके असावीत, ही शक्यता तेथे बार्बिट्युरिक आम्ल या संभाव्य क्षारकावर तपासली गेली.