पाण्यातल्या किल्ल्याचा धनी

दिवाळी जवळ आली की आमच्या वाड्यातल्या मुलांचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखतात. गेल्या वर्षी मात्र एका चिरंजीवांनी सिंहगड, राजगड सोडून आईची पाण्याची परात पळवली आणि तिच्या मधोमध मातीचा जंजिरा उभा केला. बुरूज झाले, तोफाही झाल्या. मग मावळे मांडायची वेळ आली तेव्हा तो मला म्हणाला, "गुरुजी, या किल्ल्यात मावळे कुठे ठेवायचे? आणि मावळे नाहीत, तर आत आहे कोण?"

वाचकहो, मी बरीच वर्षे मुलांना इतिहास शिकवतो. जंजिरा महाराजांना का मिळाला नाही, याचे माझे उत्तर ठरलेले होते : चहूकडे समुद्र आणि तट अभेद्य. परंतु समुद्र खांदेरीलाही होता, आणि तिथे महाराजांनी किल्ला बांधून दाखवला. तेव्हा दगड आणि पाणी एवढ्याने भागत नाही. आतल्या माणसाकडे पाहावे लागते. तो माणूस म्हणजे सिद्दी कासम, बादशाही किताबाने याकूतखान.

हे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, हबसाणातले. निजामशाहीच्या चाकरीत ते चढत गेले. मलिक अंबर त्यांच्यातलाच. १६३६ साली निजामशाही बुडाली, कोकण विजापूरकडे गेले आणि त्याबरोबर जंजिराही. तिथला अंमलदार विजापूरचा चाकर खरा, पण विजापूर लांब आणि समुद्र जवळ. त्यामुळे तो जवळजवळ राजाच. या लोकांची एक रीत मोठी चमत्कारिक होती. धनी मेला की त्याच्या मुलालाच गादी, असे नव्हे. जमातीत जो कर्तबगार, त्याच्याकडे अधिकार जाई.

१६७० साली जंजिऱ्यावर फत्तेखान होता. मराठ्यांच्या वेढ्याने तो टेकीला आला. मुलूख गेला, धान्य संपत आले, विजापूरहून मदत येईना. महाराजांनी जहागिरीचे बोलणे लावले आणि तो किल्ला द्यायला तयार झाला. जंजिरा हाती येण्याची एवढी जवळची वेळ पुन्हा आली नाही. पण त्याच्या हाताखालचे तिघे सिद्दी, संबूल, कासम आणि खैरियत, उठले. त्यांनी आपल्याच धन्याला कैद केले, विजापूरचे नाव सोडले आणि औरंगजेब बादशहाची चाकरी पत्करली. बादशहाने सुरत बंदराच्या उत्पन्नातून सालिना तीन लाखांची नेमणूक बांधून दिली. संबूल आरमारावर गेला, कासमकडे जंजिरा आला आणि खैरियतकडे दंडा राजपुरी.

दंडा तेव्हा मराठ्यांकडे होता. १६७१ च्या होळीच्या रात्री, गडावरचे लोक सणात दंग असता, खैरियत जमिनीकडून ओरडा करीत आला. शिबंदी तिकडे धावली, तोच कासम समुद्राच्या बाजूने दोर-शिड्या लावून वर चढला. दारूचे कोठार उडाले, त्याची माणसेही उडाली. तरी हा आपली "खस्सू, खस्सू" ही आरोळी देत पुढेच राहिला. खाफीखान लिहितो की महाराज वीस कोसांवर झोपले होते, ते त्या क्षणी दचकून जागे झाले आणि दंड्यावर काही संकट आले, असे म्हणाले. यातले खरे किती ते देव जाणे. पण तो घाव कुठे बसला, हे शत्रूकडच्या बखरकारालाही कळले होते.

तोच खाफीखान पुढची गोष्टही लपवीत नाही. आसपासचे किल्ले घेताना एका ठिकाणी सातशे माणसे अभय मागून बाहेर आली. कासमने अभय मोडले. पुरुष मारले, तरण्या बायका आणि मुले गुलाम केली. कधी काळी ज्याच्या जातीच्या पोरांना गुलाम म्हणून जहाजात कोंबले गेले, त्याच जातीच्या माणसाने कोकणातल्या पोरांचे तेच करावे! कर्तबगारी म्हणून कासमचे कौतुक करताना माझी लेखणी इथे अडखळते, आणि ती अडखळावी हेच बरे.

१६७७ साली त्याने संबूलला बाजूला सारून आरमार आपल्याकडे घेतले. मराठ्यांनी थोडे का प्रयत्न केले? जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उठवला. १६७६ साली मोरोपंत पिंगळ्यांनी हल्ला केला. १६७९ साली खांदेरी बांधली, तर जानेवारी १६८० मध्ये कासमने शेजारची उंदेरी बळकावून तोफा रोखल्या. संभाजीमहाराजांनी कोंडाजी फर्जंदाला फितुरीच्या मिषाने आत पाठवले. बेत फुटला आणि कोंडाजी प्राणास मुकला. मग खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला, तो मोगल फौज कल्याणवर उतरली आणि महाराजांना वेढा सोडून जावे लागले. प्रत्येक वेळी कासमच्या मदतीला दुसरा कोणी तरी होता : सुरतेचा पैसा, बादशहाची फौज, आणि पावसाळ्यात गलबते नांगरायला इंग्रजांची मुंबई.

त्या इंग्रजांनाही त्याने सोडले नाही. कंपनीचे बादशहाशी बिनसताच १६८९ साली तो शिवडीला उतरला आणि त्याने माझगाव, माहीम घेतले. गव्हर्नर चाइल्ड किल्ल्यात अडकून पडला. शेवटी इंग्रजांचे वकील हात जोडून बादशहापुढे उभे राहिले, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा जून १६९० मध्ये सिद्दीने मुंबई सोडली. बादशहाने दंडाऐवजी मुंबईच मागितली असती तर पुढचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता! पण कासम चाकर होता. हुकूम आला, तो निघाला. धन्याला कैद करून वर आलेला हा माणूस नव्या धन्याशी मात्र अखेरपर्यंत इमानी राहिला.

१६९६ साली खैरियत वारला आणि जंजिरा पुन्हा कासमकडे आला. १७०७ साली तोही गेला. त्याचा धनी औरंगजेबही त्याच साली नगरला मेला. मोगलाई पुढे खिळखिळी झाली, पण जंजिऱ्याचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकले.

शाळेची सहल घेऊन आम्ही मुरुडला गेलो होतो. राजपुरीजवळ खोकरी गावात तीन दगडी घुमट आहेत. त्यांतला एक कासमचा, एक खैरियतचा आणि सर्वांत मोठा त्यांच्या मागून आलेल्या सिरूलखानाचा. मुले घुमटाखाली आवाज काढून प्रतिध्वनी ऐकत होती. मी बाहेर उभा राहून विचार करीत होतो, की शत्रूला लहान केले म्हणजे आपले वीर मोठे होतात, असे आम्ही मास्तर का समजतो? कोंडाजीने कोणासमोर प्राण दिला, हे सांगितल्याशिवाय कोंडाजी तरी कसा समजणार?

त्या परातीतल्या जंजिऱ्यावर शेवटी आम्ही एक काळा मातीचा सिद्दी उभा केला आणि काठावर, पाण्याकडे तोंड करून, मावळे. शेजारच्या काकूंनी विचारले, "अहो गुरुजी, दिवाळीच्या किल्ल्यावर हा कोण बसवलात?" चिरंजीवच म्हणाले, "काकू, हा नसता तर महाराजांनी पद्मदुर्ग कशाला बांधला असता?"

त्या दिवशी मास्तर तो होता.