गाभ्यातील जुनी फट

लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील ‘डर्टी काऊ’ हा दोष २०१६ साली उजेडात आला, तरी त्याचा इतिहास जुना आहे. केवळ वाचावयास दिलेल्या फाइलीवर कोणी लिहू लागल्यास गाभा त्याच्या हाती पानाची नक्कल ठेवतो. परंतु लेखणी टेकण्यापूर्वीच ती नक्कल टाकून देण्याचा हुकूम शर्यत जिंकून गेला, की मजकूर मूळ पानावर उमटे. सामान्य वापरकर्ता प्रणालीचा धनी होऊन बसे! लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ सालीच ही फट बुजवू पाहिली होती. एस३९० यंत्रांवर अडचण आली आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. अशी शर्यत तेव्हा कागदावरचीच वाटे. पुढे स्मृतिव्यवस्था सुधारली, तशी ती जिंकणे सोपे झाले. अकरा वर्षांनी त्यांनीच पुन्हा दुरुस्ती केली. तोवर हाच गाभा अँड्रॉइड फोनांतून लोकांच्या खिशात पोहोचला होता.