अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट

झांबियातल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांत रोज ठरावीक तासाला तिसरी, चौथी आणि पाचवी या इयत्ता मोडतात. अक्षरओळख नसलेला पाचवीतला मुलगा तिसरीच्या मुलांत जाऊन बसतो, घडाघडा वाचणारी तिसरीतली मुलगी मोठ्यांच्या गटात जाते. कोणी कुठे बसायचं हे एका कागदावरून ठरतं. त्यावर काही अक्षरं, काही शब्द, एक छोटा उतारा आणि एक गोष्ट असते. मूल जिथपर्यंत नीट वाचेल, तो त्याचा गट.

या कागदाचं माहेर मुंबई. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकारानं 1995 मध्ये ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. महापालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना बाजूला घेऊन वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोनेक तास शिकवी. तिला म्हणत बालसखी. मानधन महिना हजाराच्याही आत. पुढे 2005 मध्ये मुलांना किती वाचता येतं हे मोजणारी ‘असर’ पाहणी सुरू झाली आणि हा कागद गावोगाव, घरोघर फिरला. घरी जाण्याचं कारण साधं होतं. शाळेत जाऊन मोजलं तर गैरहजर मुलं सुटतात, आणि बहुधा तीच वाचू शकत नसतात.

पण मुलाला जे येतं तिथून शिकवण्याच्या या पद्धतीचं दुसरं मूळ केनियात आहे आणि ते मुंबईच्या कौतुकात विसरू नये. पश्चिम केनियातल्या बुसिया भागात 1990 च्या दशकात एका डच संस्थेनं शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली. परदेशी दानाची ही जुनी, फोटो काढायला सोयीची तऱ्हा. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी परिणाम तपासला, तर फायदा फक्त आधीच हुशार असलेल्यांना झालेला. पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी भाषा. मग 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि वर्ग तुडुंब भरले. 2005 मध्ये 121 शाळांत पहिलीला जादा शिक्षक मिळाला. त्यातल्या निम्म्या शाळांत मुलांची वाटणी त्यांना किती येतं यावरून झाली. तिथे वरचे आणि खालचे, दोन्ही गट पुढे सरकले.

2009 मध्ये ‘असर’च्या धर्तीवर पूर्व आफ्रिकेत ‘उवेझो’ ही पाहणी सुरू झाली. केनिया, टांझानिया, युगांडा. केनियात सारा रुटो यांनी ती चालवली. टांझानियातल्या किस्वाहिली कागदाची पहिली पायरी सुट्या अक्षरांची नव्हती, बा-बे-बी अशा जोड्यांची होती. आपली बाराखडीच म्हणा. हेतू असा की, मुलाला वाचता येत नाही हे समजलं की आईबाप शाळेला जाब विचारतील. तसं झालं नाही. निकाल कळलेल्या केनियन पालकांच्या वागण्यात संशोधकांना फारसा फरक सापडला नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्येही गावसभा आणि माहिती फुकट गेली होती; फरक पडला तो स्वयंसेवकांनी घेतलेल्या वाचनवर्गांनी. मोजणाऱ्या संस्थांनी हे मनावर घेतलं, हे मला त्यांच्या आकडेवारीपेक्षा मोठं वाटतं.

म्हणून झांबियात कागद आणि शिकवणीचा तास एकत्रच गेले. 2016 मध्ये सुमारे 80 शाळांत सरकारनंच ‘कॅच अप’ नावानं प्रयोग केला. शिक्षक सरकारी, मुलं सरकारी शाळेतली. दानाचा पैसा प्रशिक्षण, साहित्य आणि देखरेखीत गेला. इथे देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला इमारत नाही. 2019 मध्ये ‘प्रथम’ आणि असे प्रयोग तपासणारी संशोधन संस्था ‘जे-पाल’ यांनी मिळून आफ्रिकेसाठी वेगळा उपक्रमच सुरू केला.

एक गाठ मात्र सुटलेली नव्हती. झांबियाच्या त्या वेळच्या धोरणात चौथीपर्यंत बेंबा, न्यांजा, टोंगासारख्या स्थानिक भाषा होत्या आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी. पाचवीत उशिरा का होईना, न्यांजा वाचायला शिकलेल्या मुलाच्या हातात तास संपल्यावर पुन्हा इंग्रजी पुस्तकच यायचं, बुसियातल्या मुलांना मिळालं होतं तसंच.