ओट्याची उंची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या वर्षी ईद झाल्यावर आम्ही घरातलं स्वयंपाकघर फोडलं. पाच वर्षं नुसतं ठरत होतं. मोरीची गळती, टाइल्सच्या मागून निघणारी झुरळं, दोन माणसं आत गेली की एकाला बाहेर यावं लागणं, अशी कारणं होती. मी कविता लिहिणारा माणूस. विटा, वाळू, सिमेंट यांच्याशी माझा संबंध आजवर उपमांपुरताच आला. पण गवंडी कामावर आला की घरमालकाला तिथं उभं राहावंच लागतं. नाही तर त्याला चहा कोण देणार?

पहिल्या दिवशी जुना ओटा फोडायला घेतला. वरचा ग्रॅनाइट निघाला आणि खाली कडप्पा दिसला. गवंडी म्हणाला, "सर, तुमच्या ओट्यावर ओटा हाय." मला आठवलं. खालचा कडप्पा अब्बांनी १९८३ साली बसवला होता, घरात गॅस आला तेव्हा. वरचा ग्रॅनाइट मी २००६ साली बसवला, फोडाफोडी नको म्हणून जुन्यावरच. मी टेप लावून पाहिला. जमिनीपासून कडप्पा ३३ इंच, ग्रॅनाइट साडेचौतीस. मधला दीड इंच माझा. त्या दीड इंचाबद्दल आज बोलायचं आहे, पण थोडं लांबून यावं लागेल.

आमच्या घरी दखनी बोलतात आणि स्वयंपाकघराला बावर्चीखाना म्हणतात. मराठीत जुना शब्द आहे मुदपाकखाना. तोही मुळात अरबी 'मतबख'वरून आलेला. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत हा एक कारखाना मोजतात. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यावर वेगळं प्रकरणच लिहिलं आहे. पदार्थ आधी चाखायचा कुणी, त्यावर मोहोर उठवायची कुणी, सगळं त्यात आहे. हे शब्द मोठे आहेत, दरबारी आहेत. आमच्या बावर्चीखान्यात मात्र एक अम्मा आणि एक चूल, एवढंच होतं.

ती चूल अम्मा स्वतः घालायची. ओढ्याकाठची माती आणायची, तिच्यात भुसा आणि शेजारच्या टांगेवाल्याकडची घोड्याची लीद मिसळायची, दोन दिवस भिजत ठेवायची. चुलीचं तोंड किती? तिची एक वीत आणि चार बोटं. उंची किती? ती पाटावर बसली की हात न ताणता तव्यावरची भाकरी उलटता यावी इतकी. माती ओली असतानाच तवा आणि मोठं पातेलं ठेवून बघायची. डगमगलं की मातीचा एक गोळा दाबून पुन्हा बघायची. अम्माची उंची चार फूट आठ इंच. पण पाटावर बसलेल्या माणसाची उंची कोण मोजतो? मी त्या चुलीचे गोडवे गाणार नाही. धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे आणि पावसाळ्यात ओली लाकडं फुंकताना तिला जी ढास लागायची, ती आजही माझ्या कानात आहे. एवढंच सांगतो, की ते माप तिचं होतं.

मग गॅस आला. आपल्या देशात घरगुती गॅस पन्नाशीच्या दशकात मुंबईत आला, बर्मा शेल कंपनीनं आणला. इंडियन ऑइलनं १९६५ साली कोलकात्यातून 'इंडेन' सुरू केला. आमच्या गावापर्यंत यायला पुढं बरीच वर्षं गेली आणि नंबर लावून वाट पाहण्यात आणखी काही. गॅसनं धूर घालवला आणि बाईला जमिनीवरून उठवलं. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, अशी सूचनाच असते. त्यामुळं सिलिंडर खाली आणि शेगडी ओट्यावर, अशी मांडणी घरोघर झाली. मुंबईच्या बिऱ्हाडांत ओटे आधीपासून होते. गावाकडं पुष्कळ घरांत ते गॅसबरोबर आले. ओटा किती उंच करायचा, हे अम्माला कुणी विचारलं नाही. गवंड्यानं आपल्या सवयीनं ३३ इंचांवर रेघ मारली. त्यावर पाच-सहा इंचांची शेगडी, शेगडीवर पातेलं. अम्मा म्हणाली, "पतेले में का दिखताच नै रे." आणि तिनं उपाय शोधला. ज्या पाटावर ती चुलीपुढं बसायची, तोच पाट ओट्यापुढं ठेवून ती त्यावर उभी राहिली.

उभ्यानं स्वयंपाक करायचा हा ओटा आला कुठून? वाचत गेलो तेव्हा पाहिलं, की त्याच्या मागं बायकांनीच केलेला मोठा विचार आहे. अमेरिकेत कॅथरीन बीचर हिनं बहिणीबरोबर १८६९ साली घर चालवण्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बहीण म्हणजे 'अंकल टॉम्स केबिन'वाली हॅरिएट बीचर स्टो. त्या पुस्तकात सलग ओटा, जागच्या जागी डबे आणि कप्पे असलेल्या स्वयंपाकघराचा आराखडा आहे. पुढं ख्रिस्तीन फ्रेडरिक हिनं कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजण्याचं शास्त्र घरात आणलं. भांडी घासताना बाई किती पावलं चालते, किती वेळा वाकते, हे ती मोजू लागली.

तिचं पुस्तक वाचलेली एक तरुण बाई व्हिएन्नात होती. मार्गारेटे लिहोट्स्की, जन्म १८९७. तिथं वास्तुकला शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराचे वास्तुतज्ज्ञ अर्न्स्ट माय कामगारांसाठी हजारो घरं बांधत होते. त्यांनी १९२६ साली लिहोट्स्कीला बोलावून स्वयंपाकघर सोपवलं. तिनं कागदावर आणलं ते सुमारे ६ फूट रुंद, ११ फूट लांब. आपल्याकडच्या वन बीएचकेमधल्या स्वयंपाकघराएवढंच. नमुना म्हणून तिनं आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर पाहिलं होतं. एवढ्याशा डब्यात शेकडो माणसांचं जेवण होतं, मग घरात का नाही?

त्या स्वयंपाकघराचं वर्णन वाचताना मला फार मजा वाटली. साखर, तांदूळ, डाळी यांच्यासाठी ओतायला तोंड असलेले अॅल्युमिनियमचे डबे, ओळीनं बसवलेले. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण ओकमध्ये पिठाला कीड लागत नाही. कपाटांना निळा रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. छताला रुळावर सरकणारा दिवा. भिंतीतून खाली पाडायची इस्त्रीची फळी. खिडकीशी चिरायचं टेबल, त्यात सालं-देठं खाली लोटायला खण आणि टेबलापुढं एक फिरतं स्टूल. बसून चिरा, बसून निवडा. अशी जवळजवळ १०,००० स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये झाली. आज घरोघर दिसणाऱ्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही.

आणि ही बाई स्वतः स्वयंपाक करत नव्हती. हे तिनंच पुढं मोकळेपणानं सांगितलं. तिच्याकडं स्टॉपवॉच होतं, मोजमापं होती. राहायला आलेल्या बायकांच्या तक्रारी मात्र सुरू झाल्या. दोघींना एका वेळी काम करता येत नाही. पूर्वी स्वयंपाकघरात मुलं खेळायची, आता त्यांच्यावर लक्ष राहत नाही. आणि ते सुंदर डबे इतके खाली, की पोरं ते ओढून साखर सांडतात. म्हणून मी तिला नावं ठेवत नाही. ज्या बायका कारखान्यात राबून पुन्हा घरी राबत होत्या, त्यांचे कष्ट कमी व्हावेत एवढाच तिचा ध्यास होता. बाईही साधी नव्हे. इस्तंबूलमध्ये नोकरी होती, सुखात राहिली असती. पण नाझींविरुद्ध काम करायला ती व्हिएन्नात परतली, १९४१ साली पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. २००० सालच्या जानेवारीत ती वारली, तेव्हा १०३ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस कमी होते. इतकं आयुष्य, इतकी कामं, आणि जो तो तिला विचारी त्या एका स्वयंपाकघराबद्दल. याचा तिला शेवटी वैताग आला होता. आम्हा कवींचंही असं होतं. एकच कविता लोकांच्या लक्षात राहते, आणि ती आपल्याला आवडत नसते.

तिच्या आराखड्याची नक्कल जगभर झाली. ओटा राहिला, कपाटं राहिली. फिरतं स्टूल तेवढं वाटेत गळालं. ते कुणी काढलं हे सांगता येणार नाही. पण आपल्याकडं आला तो नुसता उभं राहण्याचा ओटा.

आपल्याकडंही चुलीचा विचार झाला नाही असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची मगनचूल तयार झाली. १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. हेतू चांगला, आकडा मोठा. पण त्यांतल्या पुष्कळ चुली थोड्याच दिवसांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. घरातल्या भांड्यांशी, लाकडांशी, रांधायच्या पद्धतीशी त्यांचं जमलं नाही, दुरुस्तीलाही कुणी फिरकलं नाही. कारणं तपासायला पुढं तज्ज्ञांनी अभ्यास केले. अम्मा ओल्या चुलीवर आधी तवा ठेवून बघायची, ते मला तेव्हा आठवलं.

आता माझा दीड इंच. २००६ साली ग्रॅनाइटची हौस मला होती. काळाभोर, आरशासारखा. अम्मा साठीची होती. ओटा वाढला तशी तिनं पाटाखाली पोत्याची घडी घालायला सुरुवात केली. मी ते रोज पाहत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. दोन वर्षांनी, रमजानच्या एका पहाटे, सहरीच्या गडबडीत ती घडी सरकली. पाट कलंडला, अम्मा पडली, मनगट मोडलं आणि डाळीचं पातेलं डाव्या हातावर आलं. हात बरा झाला, पण मूठ पुरती वळेना. भाकरी थापणं तिथंच संपलं. मी पाटाला दोष दिला, पोत्याला दिला. सात वर्षांनी ती गेली, तेव्हाही मला कळलेलं नव्हतं. कळलं ते गेल्या वर्षी, फुटलेल्या ओट्यापुढं टेप हातात घेऊन उभा असताना.

गवंडी नव्या भिंतीवर रेघ मारत होता. "चौतीस इंच, सर. सगळीकडं तेच असतंय." मी म्हटलं, थांबा. पत्नीला बोलावलं. ती पाच फुटांची. ताठ उभी राहून कोपर वाकवलं, तर कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर. चिरायला-निवडायला ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली लागतो, भाकरी थापायला आणखी खाली, कारण जोर खांद्यातून येतो. हे पुस्तकातलं. तिचं म्हणणं, पुस्तक राहू द्या, मला परात द्या. मग जेवणाच्या टेबलावर तर जमणार नव्हतं, म्हणून बुटक्या स्टुलावर फळी टाकली आणि तिच्याखाली जुन्या दिवाळी अंकांची थप्पी रचली. अंक कमी पडले, तेव्हा माझ्या न खपलेल्या संग्रहाच्या प्रती घातल्या. ती थापायची, म्हणायची, "एक काढा." मी एक काढायचो. शेवटी भाकरीची आणि शेगडीची बाजू ३० इंच ठरली, चिरायची बाजू ३३.

पुढचं सगळं नेहमीसारखंच झालं. वीस दिवसांचं काम चाळीस दिवस चाललं. चूल म्हणजे एका बर्नरची शेगडी, तीही व्हरांड्यात. पाण्याची लाईन, सांडपाणी, विजेचे पॉइंट हे टाइल्सच्या आधी उरकायचं असतं. आम्ही मिक्सरचा पॉइंट विसरलो आणि नवी टाइल पुन्हा फोडली. ट्रॉल्यावाल्यानं गिलावा व्हायच्या आधी माप घेतलं होतं, त्यामुळं एक ट्रॉली आत जाईना. तीत आता मी कागदपत्रं ठेवतो. ग्रॅनाइटवाला दोन उंच्या पाहून हसला. जोड दिसेल म्हणाला, विकताना घराला भाव येणार नाही म्हणाला. पत्नी म्हणाली, विकायचं कुणाला आहे?

स्टूल मात्र मला हवंच होतं. फिरतं, खालीवर होणारं. फर्निचरच्या दुकानांत मिळेना. शेवटी दवाखान्याचं सामान विकणाऱ्याकडून डॉक्टरांचं स्टूल आणलं, पांढरं, चाकं काढून टाकलेलं. पत्नी त्यावर बसून भाजी चिरते. पाहुणे ते बघतात आणि आवाज खाली करून विचारतात, घरात कोण आजारी आहे?