किल्ली कोणी सांभाळायची? अड्याळच्या गाडग्यापासून ब्राउझर-वॉलेटपर्यंत

ब्राउझर-वॉलेट हे क्रोम, फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह अशा ब्राउझरमध्ये बसवायचे लहानसे एक्स्टेंशन असते. क्रिप्टोचलन त्यात ठेवलेले नसते. कोणत्या पत्त्यावर किती शिल्लक आहे याची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या वहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, असते. वॉलेटमध्ये असते ती त्या पत्त्यावरून रक्कम हलवण्याची गुप्त किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, रक्कम त्याची, असा या व्यवस्थेचा साधा आणि कठोर नियम आहे. त्यामुळे या वॉलेटच्या इतिहासात खरा प्रश्न येतो तो किल्ली सांभाळण्याचा, आणि हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. भंडारा–पवनी रस्त्यावरच्या अड्याळच्या परिसरात तो टप्प्याटप्प्याने कसा सुटत गेला हे पाहिले, तर ब्राउझर-वॉलेटने नेमके काय बदलले ते स्पष्ट होते.

अड्याळ ज्या तालुक्यात येते त्या पवनीची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. १९६९-७० मध्ये तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. या भागात प्राचीन नाणीही मिळाली आहेत. धन जमिनीत पुरून ठेवणे ही सर्वांत जुनी रीत. गाडग्यात भरलेले रुपये घराच्या ओसरीखाली किंवा शेताच्या धुऱ्यावर पुरायचे आणि जागा फक्त घरातल्या कर्त्याला माहीत असायची. कर्ता अचानक गेला की ठेव मातीतच राहायची. अशा सापडलेल्या घबाडासाठी इंग्रज सरकारने १८७८ मध्ये वेगळा कायदा केला. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेवीची खबर कलेक्टरला देणे त्या कायद्याने बंधनकारक झाले. मालकाविना राहिलेली ठेव निदान कोणाच्या तरी नांगराला लागत असे. किल्ली हरवलेले क्रिप्टोचलन मात्र कोणालाच लागत नाही.

दुसरी रीत म्हणजे दुसऱ्यावर भरवसा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि पुढे मध्य प्रांतात भंडारा जिल्ह्यात मालगुजारी पद्धत रुजली. ती १९५१ मध्ये संपेपर्यंत गावचा पैसा मालगुजार आणि सावकार यांच्या वहीतून फिरत होता. धान निघाले की हिशेब व्हायचा, वहीत नोंद पडायची, अंगठा उमटायचा. वही सावकाराच्या ताब्यात असल्यामुळे कुळाला हिशेब तपासता येत नसे, आणि या पद्धतीतला अन्याय तिथेच होता. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक आली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँका खेड्याकडे वळल्या. २०१४ मध्ये जनधन खाती उघडली, २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. या दीडशे वर्षांत साधने बदलली, पण एक गोष्ट टिकली. ठेवीदार आणि त्याचा पैसा यांच्यामध्ये त्याला ओळखणारे, निदान त्याची कागदपत्रे ओळखणारे, कोणीतरी होते. पासबुक हरवले तर दुसरे मिळते, पिन विसरला तर शाखेत जाता येते, खातेदार वारला तर नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते.

हा मधला माणूसच काढून टाकायचा, या विचारातून बिटकॉइन जन्माला आले. ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या साखळीतला पहिला ब्लॉक तयार झाला. सुरुवातीला किल्ल्या संगणकातल्या एका साध्या फाइलमध्ये राहत. संगणक बिघडला किंवा भंगारात गेला की किल्लीही गेली. मग लोकांनी सोय शोधली आणि किल्ल्या संकेतस्थळांच्या आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोचलनाच्या खरेदी-विक्री केंद्रांच्या, हवाली केल्या. म्हणजे सावकाराची वही परत आली, तीही सावकाराचे घर ठाऊक नसताना. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधले माउंट गॉक्स हे त्या काळचे मोठे एक्स्चेंज बुडाले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतले दोन लाख नंतर सापडले, पण ठेवीदारांचे हाल अनेक वर्षे चालले.

दरम्यान, किल्ली माणसाला कागदावर लिहून ठेवता यावी यासाठी २०१३ मध्ये एक मानक मांडले गेले. त्यात २०४८ साध्या शब्दांची ठरलेली यादी असते. वॉलेट त्यातून यदृच्छेने १२ किंवा २४ शब्द निवडते आणि त्या शब्दांवरून सर्व किल्ल्या पुन्हा तयार होऊ शकतात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. बारा शब्दांच्या वैध जुळण्यांची संख्या ३९ अंकी भरते, म्हणून अंदाजाने ती फोडणे अशक्य आहे. या मानकाच्या शब्दयाद्यांत इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषा आहेत, मराठी नाही. त्यामुळे मराठी वापरणाऱ्याला हे शब्द बहुधा इंग्रजीतच, स्पेलिंग तपासून आणि क्रम जपून लिहावे लागतात. एक अक्षर चुकीचे उतरले तर वर्षभराने वॉलेट उघडताना ते लक्षात येते, आणि तोवर मूळ पडदा दिसेनासा झालेला असतो. ही अडचण गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

३० जुलै २०१५ रोजी इथेरियमचे जाळे सुरू झाले. त्यावर केवळ पैसे पाठवता येत नव्हते, आपोआप पाळले जाणारे करारही चालवता येत होते, म्हणून संकेतस्थळ आणि किल्ली यांना जोडणारा दुवा हवा होता. त्याच वर्षी मायइथरवॉलेट हे संकेतस्थळ आले. २०१६ मध्ये आरन डेव्हिस आणि डॅन फिनले यांनी कन्सेन्सिस या कंपनीतून मेटामास्क आणले. आजच्या ब्राउझर-वॉलेटचा साचा मेटामास्कने घडवला. किल्ली वापरणाऱ्याच्याच संगणकावर कुलूपबंद राहते, संकेतस्थळ व्यवहाराची विनंती करते आणि मालकाने होकार दिल्याशिवाय सही होत नाही.

साधन लोकप्रिय झाले तसे चोरही त्याच दारात आले. २४ एप्रिल २०१८ रोजी इंटरनेटची वाहतूक वळवून मायइथरवॉलेटच्या ग्राहकांना बनावट पानावर नेण्यात आले. सुमारे दोन तासांत दीड लाख डॉलरच्या आसपासचे इथर, म्हणजे इथेरियमचे चलन, लांबवले गेले. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संशयास्पद असल्याचा इशारा ब्राउझर देत होता, तो डावलून पुढे गेलेले लोक फसले. त्याच वर्षी जुलैमध्ये खरे मेटामास्क क्रोमच्या दुकानातून काही तास चुकून काढले गेले. एप्रिल २०२० मध्ये गूगलने नामांकित वॉलेटची सोंगे घेणारी ४९ एक्स्टेंशन हटवली. अधिकृत दुकानात दिसते म्हणून ते खरे, असे समजता येत नाही, हे त्या काळात सिद्ध झाले.

महाराष्ट्राला या तंत्राचे फसवणुकीचा आणि उपयोगाचा असे दोन्ही चेहरे जवळून दिसले. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवले गेले होते. त्याचा सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली. तपासासाठी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच जप्त क्रिप्टोचलन वळवल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांनाही अटक केली. किल्ली कोणाच्या हाती द्यावी हा प्रश्न तपासयंत्रणेलाही सुटत नाही, हे त्यातून दिसले. मुंबईत उभ्या राहिलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. त्या वॉलेटला एकाहून अधिक सह्या लागत होत्या. सही करणाऱ्यांना पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि प्रत्यक्ष सही दुसऱ्याच मजकुरावर होत होती, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचे म्हटले.

दुसरा चेहरा विदर्भातलाच आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम झाला. बनावट प्रमाणपत्र ताबडतोब ओळखता यावे हा त्याचा हेतू होता. पॉलिगॉन प्रकल्पाची सुरुवात भारतीय अभियंत्यांनी २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक या नावाने केली होती. ज्या नागरिकाचे प्रमाणपत्र त्या साखळीवर नोंदले गेले त्याला स्वतःचे वॉलेट असण्याची गरज नव्हती. सर्वसामान्य माणसाला या तंत्राचा उपयोग करून देण्याचा हा मार्ग सट्ट्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

कायद्याची वाट वळणावळणाची राहिली. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवसायाशी संबंध तोडायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्याची मुभा राहिली नाही, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर एक टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ मध्ये हा व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणला गेला. क्रिप्टोचलनाला भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही, आणि ठेव विम्याचे संरक्षणही नाही.

अड्याळमध्ये बसून ब्राउझर-वॉलेट सुरू करायचे तर पहिली अट स्वतःच्या संगणकाची आहे. सेवा केंद्रातला, नेट कॅफेतला किंवा मित्राचा संगणक यासाठी वापरू नये. ब्राउझर आणि कार्यप्रणाली अद्ययावत हवी. वॉलेटसाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल उघडून तिच्यात दुसरे एकही एक्स्टेंशन न ठेवणे उत्तम, कारण काही एक्स्टेंशनना उघडलेल्या पानावरचा मजकूर वाचता आणि बदलताही येतो. शोधयंत्रात नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करणे हा फसण्याचा नेहमीचा रस्ता आहे. वॉलेटच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता अक्षर-अक्षर तपासून टाइप करावा आणि तिथल्या दुव्यावरूनच एक्स्टेंशन घ्यावे.

एक्स्टेंशन बसले की नवे वॉलेट तयार करण्याचा पर्याय निवडायचा. आधी ते पासवर्ड मागते. हा पासवर्ड त्या एका संगणकावरचे कुलूप असतो, मालकी सिद्ध करणारी किल्ली नव्हे, आणि नवशिके इथेच गोंधळतात. खरी किल्ली म्हणजे पुढे दिसणारे बारा शब्द. ते कागदावर शाईने, क्रमांक घालून, दोन प्रतींत लिहावेत आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, कारण पावसाळ्यात ओल आणि वाळवी कागद खातात. त्यांचा फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नयेत, ई-मेलमध्ये किंवा क्लाउडवर ठेवू नयेत. मोठी रक्कम जमा करण्यापूर्वी अगदी थोडी रक्कम पाठवावी, वॉलेट काढून टाकावे आणि कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभे करून पाहावे. हा एक प्रयोग पुढची अनेक संकटे टाळतो. भारतात क्रिप्टोचलन विकत घेताना आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंद असलेले एक्स्चेंज निवडावे. तिथे पॅन आणि केवायसी लागते.

पाठवताना ज्या जाळ्यावरून रक्कम जाणार आहे तेच जाळे समोरच्या बाजूलाही स्वीकारले जाते का, हे आधी पाहावे. इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. चोर सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता तयार करून तिथून किरकोळ रक्कम पाठवतात, म्हणजे तो पत्ता व्यवहारांच्या यादीत दिसतो आणि घाईत तोच कॉपी होतो. म्हणून यादीतून पत्ता उचलू नये आणि मधली अक्षरेही ताडून पाहावीत. प्रत्येक व्यवहाराला गॅस नावाचे शुल्क लागते, ते त्या जाळ्याच्या मूळ चलनात शिल्लक असावे लागते.

सर्वांत मोठा धोका सहीत आहे. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडले म्हणजे त्याला पत्ता आणि शिल्लक दिसते, एवढ्याने पैसे जात नाहीत. पुढे येणारी मंजुरीची विनंती मात्र वेगळी असते. त्या संकेतस्थळामागच्या कराराला खात्यातले टोकन केव्हाही काढून घेण्याचा अमर्याद अधिकार तिच्यातून मिळू शकतो. रक्कम मर्यादित करूनच मंजुरी द्यावी, काम संपल्यावर ती रद्द करावी, आणि अर्थ न कळणाऱ्या मजकुरावर कधीच सही करू नये. बक्षीस, मोफत टोकन, वॉलेट पडताळणी अशा निमित्ताने बारा शब्द मागणारा प्रत्येक जण चोर असतो, कारण कोणत्याही खऱ्या कंपनीला ते शब्द लागत नाहीत. रक्कम मोठी असेल तर ब्राउझरमध्ये केवळ खर्चापुरते ठेवावे आणि बाकीचे हार्डवेअर वॉलेट या वेगळ्या उपकरणात हलवावे. या उपकरणातली किल्ली इंटरनेटच्या संपर्कात कधीच येत नाही. पहिले असे उपकरण, ट्रेझर, २०१४ मध्ये बाजारात आले.

वारसाचा विचार आजच करणे भाग आहे. ज्या गावांत पुरलेल्या गाडग्याची जागा एकट्या कर्त्याला ठाऊक असायची, तिथल्या नव्या पिढीने तीच चूक बारा शब्दांच्या बाबतीत करू नये. शब्द कोणालाही न सांगता, ते कुठे ठेवले आहेत आणि कशासाठी आहेत, एवढे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावे.

फसवणूक झालीच तर एक मिनिटही दवडू नये. शिल्लक राहिलेली रक्कम नव्या बारा शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये तातडीने हलवावी, व्यवहाराचा क्रमांक आणि चोराचा पत्ता टिपून ठेवावा, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. अड्याळच्या रहिवाशांना लेखी तक्रार गावातल्याच पोलीस ठाण्यात देता येते.