श्वेत बक : जपानी अलंकरणातील एका श्लेषाचा लोप

जपानी कारागिरीत वारंवार भेटणाऱ्या पांढऱ्या बगळ्यास ‘शिरासागी’ म्हणतात. हे एका जातीचे नाव नव्हे. मोठा, मध्यम व लहान या तिन्ही बगळ्यांस ते सरसकट लाविले जाते. चित्रांत पुष्कळदा दिसणारी मानेमागची दोन लांब पिसे मात्र लहान बगळ्याची, तीही विणीच्या काळातील, होत.

चीनमध्ये बगळा व कमळ एकत्र रेखाटण्यामागे शब्दश्लेष होता. ‘लू’ म्हणजे बगळा, तशीच वाट. ‘ल्येन’ म्हणजे कमळ, तसेच लागोपाठ. तेव्हा असे चित्र ही राजसेवेच्या परीक्षा एकामागून एक उत्तीर्ण होण्याची शुभेच्छा ठरे. चित्र जपानात आले, पण श्लेष वाटेत गळला. ‘रो’ या चिनी वळणाच्या उच्चारात ते साम्य टिकले. बगळ्याच्या चिन्हात वर ‘वाट’ आणि खाली ‘पक्षी’ ही अक्षरेही आहेत. परंतु बोलीतला शब्द ‘सागी’, कमळाचा ‘हासु’. आणि चिनी धर्तीची परीक्षापद्धती तेथे कधी मूळ धरू शकली नाही. बोधार्थ सुटल्यावर पक्षी कमळाशी बांधलेला राहिला नाही. तो वाळुंजाखाली, बोरूत व विशेषतः बर्फात उभा राहू लागला.

बर्फातील पांढरा पक्षी दाखवावा कसा, हा प्रश्न मग कारागिरांपुढे आला. काष्ठठशाच्या छापकामात शाई न लावता ठसा दाबून कोऱ्या कागदावरच पिसांचे उठाव काढीत. लाखकामात अडचण अधिक होती. उरुशी वृक्षाचा चीक मुळातच तपकिरी असल्याने त्यातून शुद्ध पांढरा रंग साधत नसे. म्हणून अंड्याचे कवच, शिंपला किंवा चांदीची पूड वापरीत. चिनी मातीच्या निळ्या चित्रकामात मात्र न रंगविलेला पृष्ठभाग हाच पक्षी होई. नाबेशिमा संस्थानच्या भट्टीतील तीन बगळ्यांची तीन पायांची थाळी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

भाषेच्या अभ्यासकास आणखी एक विसंगती दिसेल. सम्राट दाइगो (राज्यकाल ८९७–९३०) याची आज्ञा ऐकून थांबलेल्या बगळ्यास पाचवी पदवी मिळाली, अशी कथा आहे. ‘गोइ’ म्हणजे पाचवी पदवी. त्यावरून ‘गोइसागी’ हे नाव रातबगळ्यास मिळाले. तो पक्षी करडा-काळा आहे. याच कथेवरील ‘सागी’ या नो नाटकात मात्र नट नखशिखान्त शुभ्र वेषात नाचतो. भाषेने एक पक्षी निवडला, रंगभूमीने दुसरा.

‘बकध्याना’शी परिचित असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस ‘सागी’चा ‘फसवणूक’ हाही अर्थ आहे हे कळताच मोह होईल. तो आवरावा. तो शब्द चिनी मूळचा, निराळ्या अक्षरांनी लिहिला जाणारा. पक्ष्याशी त्याचा संबंध नाही.

साइतामा प्रांतातील नोदा येथील बगळ्यांच्या वसाहतीस १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला होता. पक्षी तेथून नाहीसे झाले, आणि १९८४ साली तो दर्जा रद्द करण्यात आला.