ठाण्याचे जुने चर्च

ठाण्याच्या मसुंदा तलावाजवळ कौपिनेश्वराचे देऊळ आहे आणि तेथून जवळच संत योहान बाप्तिस्ता, म्हणजे सेंट जॉन द बॅप्टिस्ट, यांचे चर्च आहे. श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराला जाणाऱ्या पुष्कळ भगिनींनी ते बाहेरून पाहिले असेल. हे चर्च पोर्तुगीज अमदानीतले, फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंचे. पण ठाण्यातील ख्रिस्ती वस्ती त्याहूनही जुनी आहे, आणि तिची जी हकीगत पुस्तकांत उतरली आहे ती एका बाईच्या गाऱ्हाण्यावरून घडली, हे फारसे कोणास ठाऊक नाही.

सन १३२१ ची गोष्ट. इराणच्या होर्मुझ बंदरातून निघालेले काही परदेशी साधू केरळात कोल्लमला जावयाचे ते वादळामुळे ठाण्यास येऊन पोहोचले. टॉमस, जेम्स व पीटर हे तिघे इटलीचे, डेमेट्रियस हा जॉर्जियाकडचा, त्यांचा दुभाषी. पाचवा जॉर्डन लवकरच गुजरातच्या वाटेला लागला. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, नेस्टोरियन पंथाची. त्यांतल्याच एका घरी हे चौघे उतरले.

त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला बेदम मारले. सकाळी ती उठली ती थेट काझीकडे गेली. काझी म्हणाला, साक्षीदार कोण? तिने सांगितले, घरात उतरलेल्या चार साधूंनी पाहिले आहे. साधूंना बोलावणे गेले. पण आल्यावर मारहाणीचा विषय राहिला बाजूला आणि धर्माचा वाद सुरू झाला. वादातून राग, रागातून शिक्षा. तिघांना ९ एप्रिल रोजी ठार केले, पीटरला दोन दिवसांनी. ओडोरिक नावाचा साधू पुढे ठाण्यास आला, त्याने हे सारे लिहून ठेवले. तो असेही लिहितो की, दिल्लीच्या बादशहाने या कृत्याबद्दल येथल्या अधिकाऱ्यालाच देहान्त शिक्षा दिली. जॉर्डनने मृतांना सोपाऱ्यास पुरले होते. ओडोरिकने त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या.

चौघांची नावे, गावे, तारखा सारे जपून ठेवले आहे. त्या बाईचे नाव कोठेच नाही. तिला न्याय मिळाला का, त्याच नवऱ्याच्या घरी ती परत गेली का, याबद्दल एक ओळ नाही. आजसुद्धा चौकीची पायरी चढताना आपल्या बायकांचे पाय लटपटतात, मग सातशे वर्षांपूर्वी ती कशी गेली असेल! चर्चवरून जाताना मला साधूंच्या आधी तीच आठवते.

असो. १५३४ साली वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांच्या हाती गेली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे, ठाणे त्यातलेच. गावोगाव चर्चे उभी राहिली. काही देवळे पाडली गेली, काहींवर सक्ती झाली, हेही खरे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग पुष्कळ चर्चे ओस पडली, घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा, जिच्यावर १७२१ साल आहे, ती पोर्तुगीजांचीच. मोठ्या आवाजाच्या बाईला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, पण ती घंटा मूळची चर्चची हे कोणाच्या ध्यानी येते?

राज्य गेले, गोरे पाद्री गेले. कोळी, कुणबी, भंडारी घरांतून ख्रिस्ती झालेली माणसे मात्र येथलीच, ती कोठे जाणार? देशी पाद्री आणि ही माणसे यांनी चर्च धरून ठेवले. पहाटे, दुपारी व तिन्हीसांजा घंटा झाली की शेतातली माणसे थांबत. आडनावे डिसोझा नि परेरा, पण बोली मराठी, अंगावर लुगडे. लग्नात वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणावयाचे. उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत ठासून भरावयाचा, त्यामुळे त्याचे नावच बाटली मसाला पडले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा: नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यावयाचा. आपण दसऱ्याला दाराला लोंब्या बांधतो, त्याच्याच जवळपासचे दिवस. जुन्या बायका चर्चलाही देऊळच म्हणत.

१८५३ साली १६ एप्रिलला ठाण्यास आगगाडी आली. पुढे बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे, मूळचे येथले, हे दाखवण्यासाठी या मंडळींनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ठाण्याची शेते आता इमारतींखाली गेली. आगेऱ्याच्या लोंब्यांसाठी शेत पाहावयाचे तर उत्तन-वसईकडे जावे लागते. संत योहानाचा सण मात्र २४ जूनला, ऐन पेरणीच्या पावसातच येतो.